धाम नदी आणि आपला धुरा

वर्धा जिल्ह्याच्या उत्तर भागातील टेकड्यांत धाम नदी उगम पावते. आग्नेयेकडे वाहत ती वणा नदीस मिळते. वणा वर्धेस, वर्धा पुढे प्राणहितेच्या रूपाने गोदावरीस जाऊन मिळते. नदी लहान, पण तिची थोरवी मोठी आहे. महाकाळी येथे तिला बांध घालून पाणी अडविले असून वर्धा शहराची तहान त्याच पाण्यावर भागते.

पवनार येथे धाम काळ्या खडकांतून वाट काढते. हेच वाकाटकांचे प्रवरपूर, असे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले होते. 1967 साली नागपूर विद्यापीठाने केलेल्या उत्खननात येथे प्राचीन वस्तीचे अवशेष मिळाले. 1938 साली विनोबाजी या तीरावर राहावयास आले. 12 फेब्रुवारी 1948 रोजी गांधीजींच्या अस्थी याच प्रवाहात विसर्जित झाल्या. 1959 साली विनोबाजींनी येथे भगिनींसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापिले, आणि 15 नोव्हेंबर 1982 रोजी येथेच देह ठेविला.

अशा नदीचे आरोग्य मात्र तीर्थावर ठरत नाही. ते वरच्या शिवारात ठरते. उगमाकडील जमीन बरड, मुरमाड व उताराची आहे. तेथे कपाशी वा सोयाबीनची तासे उताराच्या दिशेने काढली, तर प्रत्येक तास म्हणजे एक लहानसा नालाच होय. मृगाच्या पहिल्या सरीबरोबर वखरलेली माती त्यातून वाहून जाते. शेताचा कस उतरतो, धरणात गाळ साचतो, आणि न मुरलेले पाणी उन्हाळ्यात विहिरीस लाभत नाही. एकाच चुकीने तिघांचे नुकसान होते.

उपाय कास्तकाराच्या हातातील आहेत. वखरणी, पेरणी व डवरणी उतारास आडवी करावी. धुरे फुटले असल्यास पावसापूर्वी बांधावेत व त्यांवर गवत वाढू द्यावे. नाल्याच्या काठापर्यंत नांगर नेऊ नये. तेथे गवताचा व झाडांचा पट्टा राखावा. जादा पाणी वाहून जाण्यास दगडी सांडवा ठेवावा, नाहीतर बांधच फुटेल.

ग्रामसेवक बंधूंनी एक सोपा प्रयोग गावास दाखवावा. पहिल्या पुराच्या वेळी, सुरक्षित जागी उभे राहून, नाल्याचे पाणी काचेच्या बाटलीत भरावे आणि ती चावडीवर रात्रभर ठेवावी. सकाळी तळाशी बसलेला थर सर्वांनी पाहावा. तो थर म्हणजे आपल्याच शेताची माती होय. ती जागच्या जागी राखणे हीच धाम नदीची खरी सेवा आहे.