वास, वासण आणि डिशवॉशर

दिवाळीच्या सुट्टीत सुरतला मावशीकडे गेले होते. मावशीचं घर उधन्याच्या बाजूला. तिकडे धुळे-जळगावकडची इतकी माणसं आहेत की जिन्यात अहिराणी ऐकू येते आणि दारात गुजराती. पहिल्याच रात्री जेवणं झाल्यावर शेजारच्या बेन म्हणाल्या, "वासण मशीनमां मूकी दो." मला त्यातलं फक्त 'वास' कळलं. गुजरातीत वासण म्हणजे भांडी, हे मावशीने हसत सांगितलं. मग तिने डिशवॉशरचं दार उघडलं आणि तिचं हसू गेलं. वासणाबरोबर वासही होताच.

मनगट दुखायला लागलं, डॉक्टरांनी भांडी घासणं बंद करायला सांगितलं, म्हणून आठ महिन्यांपूर्वी हे मशीन घरात आलं होतं. दोन महिन्यांपासून त्याला वास येत होता. काका म्हणायचे, "पैसे पाण्यात गेले." मावसभाऊ म्हणायचा, "तुला नीट लावता येत नाही." आणि मावशी? सगळे झोपले की मशीनमधून निघालेली ताटं ती पुन्हा हाताने घासायची, त्याच दुखऱ्या मनगटाने. हे मला रात्री पाणी प्यायला उठले तेव्हा दिसलं.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "मावशी, वास कसला येतो?" ती म्हणाली, "कसला म्हणजे? घाण!" पण मराठीत आपल्याकडे 'घाण' याच्या पुढचे कितीतरी शब्द आहेत. कुजका, खवट, वशट, कुबट. प्रत्येक शब्दामागे वेगळं कारण आहे. नेमका शब्द सापडला की मशीनमध्ये कुठे बघायचं तेही कळतं.

आधी मशीन काय करतं ते बघू. तळाशी साठलेलं पाणी गरम होतं, पंप ते फिरणाऱ्या पात्यांच्या भोकांतून भांड्यांवर जोराने मारतो, तेच पाणी गाळणीतून खाली येतं आणि पुन्हा वर जातं. म्हणून एका खेपेला साधारण १० लिटर पाणी पुरतं. १८८६ साली अमेरिकेत जोसेफिन कॉक्रेन यांनी पेटंट घेतलेलं यंत्रसुद्धा असंच पाण्याच्या जोरावर चालायचं. म्हणजे घासणारा हात इथे नाहीच. भांड्यावरून निघालेलं खरकटं मशीनच्या पोटात जातं, आणि सगळंच काही बाहेर जात नाही.

कुजका वास : गाळणी बघा. मशीन बंद करून, थंड झाल्यावर खालची जाळी बाहेर काढा. तळाशी डब्यासारखी गाळणी असते, ती फिरवली की निघते. मावशीने ती एकदाही काढली नव्हती, कारण ती निघते हेच घरात कुणाला ठाऊक नव्हतं. आत कढीपत्ता, टोमॅटोची सालं, मोहरी आणि शेवभाजीतल्या शेवेचा चिखल. उबदार, ओली जागा आणि अन्न म्हणजे जिवाणूंची मेजवानीच. गाळणी साबण आणि जुन्या टूथब्रशने वाहत्या पाण्याखाली घासा. खालच्या खड्ड्यातला गाळ कापडाने पुसून घ्या. फुटक्या काचेचा तुकडा असू शकतो, म्हणून बोटं जपून. तिथे थोडं पाणी बऱ्याच मशीनमध्ये राहतंच, त्याला घाबरू नका.

खवट वास : जुनं तूप-तेल. चांदनी पडव्याला, म्हणजे कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, सुरतेत घारी खातात, आणि घारीवर तुपाचा थर असतो. कोमट पाण्याच्या छोट्या प्रोग्रॅमवर असं तूप पूर्ण निघत नाही. ते दाराच्या खालच्या कडेला आणि रबराच्या घडीत जाऊन बसतं. तिथे फवारा पोचत नाही, म्हणून ती जागा हातानेच पुसायची. पात्यांची भोकं टूथपिकने मोकळी करायची. पाणी जड असेल तर क्षारांचा पांढरा थर चढतो आणि त्याला तेल चिकटतं. म्हणून मीठ संपल्याचा दिवा लागला की डिशवॉशरचंच मीठ घाला, स्वयंपाकाचं नको.

वशट वास : अंडं आणि मासे. सुरतेत अंड्याचा 'घोटालो' प्रसिद्ध, आणि माझ्या मावसभावाचा तो जीव की प्राण. अंडं गरम पाण्याने ताटावर आणखी घट्ट बसतं. अशी ताटं आधी गार पाण्याने विसळा, किंवा लगेच मशीन लावायचं नसेल तर नुसता विसळण्याचा प्रोग्रॅम चालवा. बाकी ताटं धुऊन ठेवायची गरज नाही, खरकटं चमच्याने काढलं की पुरे.

कुबट वास : कोंडलेली ओल. ओल्या छत्रीचा येतो तसा. भांडी काढल्यावर दार लगेच गच्च लावू नका, थोडं किलकिलं ठेवा.

गटाराचा वास : दोष मशीनच्या बाहेर आहे. पाणी बाहेर नेणारी नळी आधी वर उचलून मग खाली सोडलेली असावी, नाहीतर सिंकचं घाण पाणी उलटं आत येतं. मावशीकडे ती जमिनीवर लोळत होती.

हे सगळं झाल्यावरच शेवटचा उपाय. वरच्या जाळीत एका वाटीत कपभर पांढरं व्हिनेगर ठेवून, साबण न घालता, रिकामं मशीन सर्वांत गरम प्रोग्रॅमवर चालवायचं. त्यानंतर तळाशी खाण्याचा सोडा भुरभुरून एक छोटी गरम खेप. दोन्ही एकत्र घालू नका; फेस छान येतो, पण आम्ल आणि सोडा एकमेकांना निकामी करतात. व्हिनेगर वरचेवर नको, रबर खराब होतं. आणि ब्लीच तर त्यात कधीच मिसळू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

मावसभावाने मध्येच लिंबाच्या वासाचं फ्रेशनर आणलं होतं. तेव्हा काका पहिल्यांदा मावशीच्या बाजूने बोलले. १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची साथ आली, तेव्हा ते इथेच लूमवर होते. लोक गाड्या भरभरून शहर सोडून जात होते. "त्यानंतर राव साहेब आले. त्यांनी काय अत्तर शिंपडलं का? कचरा उचलला, रोज उचलला." १९९५ मध्ये आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांचं नाव सुरतकर अजून काढतात. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात हेच शहर इंदूरच्या बरोबरीने पहिलं आलं. "रोज" या शब्दावर काकांनी जोर दिला आणि मग स्वतःच गप्प झाले. घरातली गाळणी आठ महिने कुणीच उचलली नव्हती, हे त्यांच्याही लक्षात आलं असावं.

आता फ्रिजवर एक कागद लावलाय. गाळणी : दर रविवारी, मावसभाऊ. दाराची कड : बुधवारी, काका. मीठ आणि महिन्यातली गरम खेप : ज्याला दिवा दिसेल तो. मावशीच्या नावापुढे काहीच लिहिलेलं नाही. परवा फोन केला तर म्हणाली, "वास गेला गं. आणि रात्री मी झोपते."

तुमच्या घरी, तुमच्या बोलीत वासासाठी आणखी कोणते शब्द आहेत? मंडळाला नक्की कळवा.