बिल्ला कोणासाठी?

रेल्वे स्थानकावर हमाल आपली ट्रंक उचलतो, तेव्हा त्याच्या दंडावरील पितळी बिल्ल्याचा क्रमांक आपण सहज पाहून ठेवतो. सामानाच्या बाबतीत एवढी दक्षता बाळगणारे आपण रुग्णालयात मात्र आपला देहच अनोळखी माणसांच्या स्वाधीन करतो, आणि 'आपण कोण?' असे विचारावयास संकोचतो.

एका दिवसात रुग्णाच्या खाटेपाशी किती माणसे येऊन जातात, हे कधी मोजून पाहावे. रक्त घेणारा तंत्रज्ञ, सलाइन बदलणारी परिचारिका, शिकाऊ डॉक्टर, आहार ठरविणाऱ्या बाई, वॉर्डबॉय, आया. पांढरा कोट यांपैकी अनेकांच्या अंगावर असतो. घरची मंडळी जो कोटवाला दिसेल त्याला 'डॉक्टरसाहेब' म्हणून शस्त्रक्रियेविषयी विचारतात आणि तोही भिडेस्तव काहीतरी सांगून जातो. उलट, तरुण स्त्री डॉक्टरला 'सिस्टर' म्हणून हाक मारली जाते. ती रुग्णाला तपासून, औषध लिहून निघून जाते आणि सायंकाळी रुग्ण मुलाजवळ तक्रार करतो की, आज डॉक्टर फिरकलेच नाहीत!

हा केवळ गमतीचा भाग नव्हे. प्रसूतिकक्षात 'तपासणीसाठी नेते' असे म्हणून कोणी बाळ उचलले, तर त्या मातेने कशावर विश्वास ठेवावा? परिचारिकेसारखा वेष तर कोणालाही करता येतो. बिल्लाही बनावट असू शकतो, हे खरे. म्हणून बाळासोबत घरचे एक माणूस जावे हेच उत्तम. परंतु जिथे प्रत्येकाच्या छातीवर छायाचित्रासह बिल्ला असतो, तिथे बिल्ला नसलेले माणूस चटकन नजरेत भरते, हा लाभ थोडा नाही.

आपल्या सेवेत कोण आहे व त्याचा व्यावसायिक दर्जा काय, हे जाणून घेण्याचा रुग्णाचा हक्क आपल्या देशात मान्य झालेला आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत तो नमूद आहे. हरियाणा सरकारने २०२३ मध्ये सरकारी रुग्णालयांसाठी गणवेशाचे नियम जाहीर केले, त्यांत नाव व पद दाखविणाऱ्या पट्टीचा समावेश होता. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याने २०१० मध्ये याविषयी कायदाच केला. छायाचित्र, नाव, पद आणि संस्था या चार गोष्टी बिल्ल्यावर हव्यात, आणि पदाची पट्टी अर्धा इंच उंचीची हवी, इतका बारकावा त्यात आहे. तो योग्यच वाटतो. अनेक ठिकाणी बिल्ला दाराशी उभ्या असलेल्या पहारेकऱ्यासाठीच काढलेला दिसतो: संस्थेचे बोधचिन्ह ठळक, नाव मुंगीच्या अक्षरात. गळ्यातल्या फितीला तो उलटा लोंबत असेल, तर असून नसल्यासारखाच. शिवाय अशी फीत रुग्णाच्या अंगावर घासते; तिच्यावर रोगजंतू साठतात, असे तपासण्यांत आढळले आहे. छातीवर चिमट्याने लावलेला, पुसून घेता येणारा बिल्ला अधिक बरा.

कर्मचाऱ्यांचेही काही म्हणणे आहे आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाही. संतापलेल्या नातेवाइकांकडून मारहाणीचे प्रकार घडतात. पूर्ण नाव कळले की समाजमाध्यमांवर माग काढणेही सोपे, विशेषतः परिचारिकांच्या बाबतीत. आपल्याकडे तर आडनावावरून जात ओळखण्याची खोड अजून गेलेली नाही. या अडचणींवर तोड आहे. पेनसिल्व्हेनियाच्या नियमांतही रुग्णाकडून हिंसेचा धोका दिसल्यास आडनाव झाकण्याची मुभा दिलेली आहे. रुग्णाला पहिले नाव आणि पद कळले, तर त्याचे काम भागते. पूर्ण नोंद कार्यालयात असतेच.

बिल्ल्याने सारे साधत नाही, हे केट ग्रेंजर या इंग्रज डॉक्टरच्या अनुभवावरून दिसते. कर्करोगाने आजारी असलेली ही तरुणी २०१३ मध्ये रुग्णालयात दाखल झाली, तेव्हा तिच्या ध्यानात आले की, उपचार करणाऱ्यांपैकी अनेकजण आपले नावदेखील सांगत नाहीत. 'नमस्कार, माझे नाव अमुक' एवढे तरी प्रत्येकाने म्हणावे, अशी मोहीम तिने पतीच्या साहाय्याने चालविली आणि ती दूरवर पसरली. २०१६ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, ती निवर्तली. नावाचा उपयोग सहकाऱ्यांनाही होतो. २०१७ मध्ये सिडनीचे भूलतज्ज्ञ रॉब हॅकेट यांनी शस्त्रक्रियागृहातील आपल्या टोपीवर नाव व काम लिहून घेतले. सर्वांचे चेहरे झाकलेले असताना आणीबाणीच्या क्षणी 'अहो, तुम्ही' म्हणण्यापेक्षा नावाने हाक मारणे केव्हाही बरे. कोविडच्या साथीत आपल्याकडच्याही कित्येक डॉक्टरांनी व परिचारिकांनी संरक्षक पोशाखाच्या छातीवर शाईने आपली नावे लिहिली होती.

आता प्रश्न उरतो लिपीचा. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात बिहार-बंगालचे रुग्ण येतात. वेल्लोरला ईशान्येकडील कुटुंबे जातात. परमुलखात आजाऱ्याला घेऊन गेलेल्या माणसाला इंग्रजी वाचता येईलच असे नाही, आणि काहींना कोणतीच लिपी येत नाही. अशा ठिकाणी प्रत्येक पदाला निराळ्या रंगाची पट्टी ठेवावी: डॉक्टरची एक, परिचारिकेची दुसरी, तंत्रज्ञाची तिसरी. आणि त्या रंगांचा चित्रमय तक्ता दर वॉर्डाच्या दाराशी, खाटेवरून दिसेल इतका मोठा, टांगावा.