सतरा किलोमीटर आणि मधली वीस वर्षे

आषाढी आटोपून गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परत येते, तेव्हा शेगावात शिरण्याआधीचा तिचा मुक्काम खामगावात असतो. दुसऱ्या दिवशी पहाटे पालखीबरोबर हजारो माणसे शेगावच्या रस्त्याला लागतात. अंतर सोळा-सतरा किलोमीटर. त्यात पन्नाशीचे असतात, सत्तरीचे असतात, कित्येक जण अनवाणी असतात, आणि ‘या वयात कशाला?’ असे त्यांना कोणी विचारत नाही. तोच रस्ता सायकलने गाठायचा म्हटले की मात्र घरातले, शेजारचे आणि सायकलवाला स्वतः असे तिघे मिळून अडचणींची यादी करतात. गुडघे जातील. हृदयाला झेपणार नाही. आधी चाळीस हजारांची सायकल घ्यावी लागेल.

शाळा-कॉलेजात रोज सायकल मारलेला, मग नोकरी, मोटारसायकल आणि संसारात वीस वर्षे सायकलला हात न लावलेला माणूस परत सीटवर बसतो, तेव्हा त्याच्या डोक्यात दोन उलट समजुती एकाच वेळी असतात. एक म्हणजे सगळे संपले. दुसरी म्हणजे काहीच गेलेले नाही, दोन दिवसांत पूर्वीसारखे जमेल. पहिलीमुळे माणसे सुरुवातच करत नाहीत. दुसरीमुळे केलेली सुरुवात महिन्याभरात बंद पडते, आणि जास्त नुकसान तीच करते.

‘सायकल एकदा आली की जन्मात विसरत नाही’ हे वाक्य निम्मे खरे आहे. तोल सांभाळण्याची सवय मेंदूत, विशेषतः लहान मेंदूत, इतकी पक्की बसते की वीस वर्षांनीही पहिल्या दहा मीटरमध्ये ती जागी होते. पण रस्त्यावर नुसता तोल पुरत नाही. मागची गाडी बघायला मान वळवताना हँडल सरळ ठेवणे, एका हाताने बाटली काढणे, खड्डा दिसल्यावर ब्रेक मारायचा की वळवायचे हे ठरवणे, या गोष्टी सरावाच्या आहेत आणि त्या मंदावतात. शिवाय जुनी डबल बारची सायकल वीस किलोच्या आसपासची, तर आजची साधी गिअरची रोड सायकल दहा-अकरा किलोची. तिचे हँडल खाली असते आणि ती जरा हात हलला तरी वळते. म्हणून पहिला आठवडाभर महामार्गावर जाऊ नये. सकाळी खामगावजवळच्या जनुना तलावापर्यंत जाऊन येणे पुरे.

आता दमाचे. सायकलपटूचा दम मोजण्याचे ठरलेले माप म्हणजे व्हीओटू मॅक्स, म्हणजे जोराच्या श्रमात शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते. एडवर्ड कॉयल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चांगल्या कसलेल्या खेळाडूंचा सराव ८४ दिवस बंद ठेवला. पहिल्या तीन आठवड्यांतच हे माप ७ टक्क्यांनी उतरले आणि शेवटी घसरण १६ टक्क्यांवर थांबली. सुरुवातीची घसरण मुख्यतः रक्ताचे प्रमाण कमी झाल्यामुळे होती. स्नायूंमधले बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे मात्र त्या अवधीत टिकून राहिले. दम लवकर जातो तो असा. पण सराव सुरू झाला की रक्ताचे प्रमाण आठवडा-दोन आठवड्यांत वाढू लागते, आणि पहिल्या पंधरवड्यात जाणवणारी सुधारणा बरीचशी त्याचीच असते.

पण तीन महिन्यांचा खंड वेगळा आणि वीस वर्षांचा वेगळा, अशी शंका कोणालाही येईल. तिचे उत्तर अमेरिकेत डॅलसमध्ये मिळाले, आणि तेही जरा विचित्र मार्गाने. १९६६ मध्ये तिथे विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे पलंगावरून उठू दिले नाही. त्यांचा दम पाव हिश्श्याहून अधिक घसरला. तीस वर्षांनी, १९९६ मध्ये, त्याच पाचही जणांना परत बोलावले. ते पन्नाशीला आलेले होते, वजन सरासरी २३ किलोंनी वाढलेले होते. तरी मोजमाप केल्यावर दिसले, की विशीतल्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने जेवढे नुकसान केले होते, तेवढे तीस वर्षांच्या वयानेही केले नव्हते. मग त्यांना चालणे, हळू धावणे आणि व्यायामाची सायकल असा सराव दिला. तो बेताबेताने वाढवत आठवड्याला साडेचार-पाच तासांवर नेला. सहा महिन्यांत पाचांचा दम १९६६ सालच्या, पलंगावर पडण्याआधीच्या पातळीवर परत आला.

इथे थांबले तर गोष्ट फार गोड होते. तरुणपणी प्रयोगानंतर कसून सराव केल्यावर त्यांनी जी उंची गाठली होती, ती मात्र पन्नाशीत एकालाही गाठता आली नाही. माणसे पाच होती, एवढ्यावरून जगाचा नियम काढता येणार नाही, हेही खरे. पण खंडानंतर परतणाऱ्याला यातून नेमके हवे ते कळते: नेहमीच्या तब्येतीची जुनी पातळी परत मिळू शकते, आयुष्यातली सर्वोत्तम पातळी बहुधा नाही. कॉलेजात अमुक मिनिटांत शेगाव गाठायचो, ही आठवण ज्याला मोडता येत नाही तो रोज तिच्याशी शर्यत लावतो आणि रोज हरतो.

वयाचा मुद्दा फ्रान्सच्या रॉबेर मार्शां यांनी जरा अतिच ताणून सोडवला. जन्म १९११ चा. तरुणपणी सायकलशर्यती, नंतर कित्येक दशकांचा खंड आणि सदुसष्टाव्या वर्षी पुनरागमन. १०५ वर्षांचे असताना, जानेवारी २०१७ मध्ये, त्यांनी ट्रॅकवर एका तासात साडेबावीस किलोमीटर सायकल चालवली. त्याआधी १०१ ते १०३ या वयात त्यांचा व्हीओटू मॅक्स १३ टक्क्यांनी वाढल्याची नोंद शास्त्रज्ञांनी केली आहे. त्यांच्या सरावाची वाटणी लक्षात ठेवण्याजोगी आहे: ८० टक्के भाग सहज गप्पा मारता येतील अशा संथ गतीचा आणि फक्त २० टक्के जोराचा. परतणारे बहुतेक जण याच्या उलट करतात. आपल्याकडचे उदाहरण हवे तर नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ. दवाखाना सांभाळून, चाळिशीच्या आसपास असताना, २०१५ मध्ये त्यांनी जोडीने ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत पूर्ण केली. २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत बारा दिवसांच्या आत एकट्याने पार केली.

गुडघे हा घरच्यांचा हुकमी एक्का. सायकलमुळे गुडघे झिजतात, ही समजूत इतकी पक्की आहे की काही जण गुडघा दुखतो म्हणून सायकल सोडतात आणि चालायला लागतात. प्रत्यक्षात सायकलवर शरीराचा बराच भार सीट आणि हँडल उचलतात. चालताना किंवा धावताना तो पूर्णपणे पायांवर येतो. अमेरिकेतल्या अडीच हजारांहून अधिक लोकांच्या २०२४ सालच्या पाहणीत, आयुष्यात कधी ना कधी नियमित सायकल चालवलेल्यांमध्ये वारंवार गुडघे दुखण्याचे प्रमाण १७ टक्क्यांनी कमी आढळले. ही पाहणी आहे, प्रयोग नव्हे. गुडघे चांगले असलेलेच सायकलकडे वळत असतील, ही शक्यता उरतेच. पण ‘सायकलने झिजतात’ या म्हणण्याला त्यातून आधार मिळत नाही.

मग परत सुरू केल्यावर गुडघा दुखतो तो कशाने? बहुतेकदा सीट खाली असल्याने. पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत म्हणून लोक सीट खाली करतात. मग गुडघा सतत जास्त दुमडलेला राहतो आणि वाटीभोवती दुखू लागते. सोपी कसोटी अशी: भिंतीला धरून सीटवर बसावे, टाच पॅडलवर ठेवावी आणि पॅडल सर्वांत खाली न्यावे. पाय सरळ झाला पाहिजे. चालवताना पंजा पॅडलवर येतो, तेव्हा गुडघ्यात हलका वाक आपोआप राहतो. गुडघ्याच्या मागे दुखत असेल किंवा कंबर डावी-उजवीकडे डुलत असेल, तर सीट जास्त वर गेली आहे. दुसरे कारण जड गिअर. जड गिअरवर पाय रेटणे म्हणजे मर्दुमकी, हा समज जुन्या बिनगिअरच्या सायकलींनी दिला. हलक्या गिअरवर मिनिटाला सत्तर-ऐंशी फेरे मारावेत. दम जास्त लागला तरी सांध्यांवरचा ताण कमी राहतो, आणि दम लवकर सुधारतो. कंडरा नाही सुधारत तितक्या लवकर. त्यांना काही महिने लागतात. तिसऱ्या आठवड्यात उत्साह शिगेला असतो आणि दुखणीही नेमकी तेव्हाच निघतात, ती या तफावतीमुळे.

सीटबद्दलही उलटाच समज आहे. जाड, मऊ जेलच्या सीटवर माणूस रुततो आणि दाब बसण्याच्या हाडांऐवजी मधल्या नाजूक भागावर येतो. दहा किलोमीटरच्या पुढे बेताची कडक सीट बरी पडते.

नव्या सायकलीची घाई नको. माळ्यावरची किंवा अंगणातली जुनी सायकल चालेल का, ते दुकानदाराला अर्ध्या तासात कळते. टायरला चिरा पडल्या असतील तर नक्षी शाबूत असली तरी ते बदलायचे, कारण रबर नुसते उभे राहूनही मरते. ब्रेकचे रबर टणक झालेले असतात, केबल गंजलेल्या असतात, छऱ्यांतले ग्रीस वाळलेले असते. चाकाची आउट काढून, चेन बदलून सायकल उभी राहिली तर पहिले सहा महिने तीच ठेवावी. नवीन घेतलीच, तर ‘टायर जितका बारीक तितका वेग जास्त’ हे ऐकू नये. २३ मिलिमीटरचे टायर वापरणारे व्यावसायिक शर्यतपटू आता २८ आणि त्याहून रुंद टायरांवर आले आहेत. खडबडीत डांबरावर बारीक, ताठ फुगवलेला टायर प्रत्येक खडीवर उडतो, आणि त्या हादऱ्यांत ताकद वाया जाते. (आजोबांच्या सायकलीचा टायर चाळीस मिलिमीटरच्या आसपास होता. त्यांना कोणी समजावून सांगावे लागले नाही.) बाभळीचा काटा आणि सराटे यांचा बंदोबस्त मात्र कोणतीच रुंदी करत नाही, पंक्चरचे सामान आणि पंप जवळ हवाच.

‘घाटाखालचा रस्ता सपाट, म्हणजे सोपा’, हेही पडताळून घ्यावे. खामगाव, शेगाव, नांदुरा हा सगळा पट्टा समुद्रसपाटीपासून साधारण तीनशे मीटरवर. इथे चढ नाही, पण वारा आहे, आणि त्याला आडोसा नाही. वेग २० वरून २५ किलोमीटरवर न्यायचा तर हवेचा विरोध मोडायला जवळजवळ दुप्पट शक्ती लागते. समोरून वारा असताना हेच गणित कमी वेगातही लागू होते. म्हणून जाताना वाऱ्याच्या तोंडावर जावे, येताना तो पाठीवर घ्यावा. उत्साही लोक उलटे करतात आणि नांदुऱ्याहून परतताना वाहन शोधतात.

घाटावर जायचे, तर बुलडाण्याच्या वाटेवरच्या बोथ्याच्या घाटाची घाई करू नये. बुलडाणा साडेसहाशे मीटरच्या आसपास आहे आणि रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. याच जंगलात २०१९ च्या डिसेंबरमध्ये टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला वाघ येऊन पोहोचला होता. त्याची एकूण भटकंती तीन हजार किलोमीटरच्या वर गेली. चढाला दम लागतो, पण धोका उतारात असतो. ‘पुढचा ब्रेक मारला की उलटतो’ म्हणून लोक फक्त मागचा दाबतात. ब्रेक लागताना वजन पुढच्या चाकावर सरकते, त्यामुळे थांबवण्याची बहुतेक ताकद पुढच्या ब्रेकमध्येच असते. मागचे चाक एकटे दाबले तर घसरते. दोन्ही ब्रेक मिळून, हळूहळू आणि वळणाच्या आधी दाबायचे.

वजनाचा हिशेब थोडक्यात: सत्तर किलोचा माणूस बेताच्या वेगाने तासभर चालवतो तेव्हा ढोबळमानाने चारशे-साडेचारशे कॅलरी खर्च होतात. शेगावला जाऊन कचोरी खाणे हा सायकलस्वारांचा आवडता बेत आहे. तो जरूर करावा. फक्त तीन कचोऱ्या आणि गोड चहानंतर वजनकाट्याला दोष देऊ नये.

तपासणी टाळू नये. ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी येतो असे दिसले. चाळिशी ओलांडलेल्याने, रक्तदाब, मधुमेह किंवा घराण्यात हृदयविकार असेल तर विशेषच, आधी डॉक्टरांना भेटावे. मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्या हृदयाचे ठोके वाढू देत नाहीत, त्यामुळे घड्याळातले ठोक्यांचे आकडे अशांच्या उपयोगाचे नसतात. ‘२२० वजा वय’ हे सूत्र तर निरोगी माणसातही दहा-बारा ठोक्यांनी चुकते. सलग वाक्य बोलता येतेय का, ही कसोटी बरी. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर वाटेत उतरू शकते. खिशात गूळ-शेंगदाण्याची चिक्की असू द्यावी. छातीत दाब, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, अचानक चक्कर, यांतले काहीही झाले तर उतरायचे आणि मदत मागायची.

एप्रिल-मेमध्ये या भागात पारा ४४-४५ च्या घरात जातो. ‘आपण इथलेच, आपल्याला ऊन बाधत नाही’ हे दिवसभर पंख्याखाली बसणाऱ्याने म्हणू नये. उन्हात श्रम करण्याची सवय शरीराला लागायला आठवडा ते दोन आठवडे जातात, आणि खंड पडला की ती जाते. दीड-दोन तासांच्या पुढे नुसते पाणी भरपूर पिणेही बरोबर नाही, कारण घामातून मीठ गेलेले असते. लिंबू, मीठ, साखर घातलेली बाटली सोबत ठेवावी. संध्याकाळी पाच वाजता रस्ता तापलेलाच असतो, त्यामुळे उन्हाळ्यात पहाटेला पर्याय नाही.

पहाट म्हणजे अंधार. तेव्हा ‘उजव्या बाजूने चालवले की समोरची गाडी दिसते’ ही पायी चालणाऱ्याची युक्ती काही जण सायकलला लावतात. सायकल हे वाहन आहे, ते डावीकडूनच चालते. उलट दिशेने आल्यास दोन्ही वाहनांचे वेग एकमेकांत मिळतात आणि चालकाला सावरायला वेळ उरत नाही. मागे लाल दिवा, पुढे पांढरा, घोट्यांना चमकत्या पट्ट्या आणि डोक्यावर हेल्मेट एवढे हवे. कापसाच्या हंगामात तर मागे दिवा नसलेली भरलेली ट्रॉली पुढे उभी असू शकते, हे धरूनच वेग ठेवावा.