स्टार्टरच्या पेटीला अर्थिंग आहे का? आजच बघा



परवा आपल्या एका सभासदाच्या विहिरीवर गेलो होतो. स्टार्टरच्या लोखंडी पेटीला टेस्टर लावला, तर दिवा लागला. अर्थिंगची वायर गंजून तुटलेली होती. दादा म्हणाले, "मोटर तर चालतेय ना!" इथंच फसगत होते. अर्थिंग नसली तरी मोटर चालते, म्हणून कुणी बघत नाही.

उंदरानं वायर कुरतडली किंवा ओल शिरली की करंट पेटीत उतरतो. अर्थिंग धड असेल तर तो जमिनीत जातो. नसेल तर चिखलात उभ्या माणसातून जातो.

"फ्यूज उडेल की" या भरवशावर राहू नका. अर्थिंगचा रोध 20 ओहम असला, तर 230 व्होल्टला जेमतेम साडेअकरा अँपिअर वाहतात. तेवढ्यात 5 एचपीच्या मोटरचा फ्यूज बहुतेक वेळा उडत नाही आणि पेटीत करंट तसाच राहतो.

म्हणून एवढं करा:
✅ पेटी आणि मोटरची बॉडी, दोन्हींना अर्थिंग. मोटरला दोन वेगळ्या वायरी.
✅ अर्थिंगला किमान अडीच मीटर जीआय पाईप. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी ओता, कोरडी माती करंट नीट ओढत नाही.
✅ सोबत आरसीसीबी बसवा. थोडा करंट गळला तरी तो लाईन तोडतो.
❌ अर्थिंगची वायर न्यूट्रलला जोडू नका.

काम लायसन्सवाल्या वायरमनकडूनच करून घ्या. कुणाला शॉक बसलाच, तर आधी मेन स्विच बंद, मगच माणसाला हात.

बटण दाबायला घरातली पोरंही जातात. पाऊस पडायच्या आधी उरकून घ्या.

– तुमचा कृषी सल्लागार