जुनी गाडी, नवा जीव (भाग 6) : उसाचे पेट्रोल आणि कुर्ल्याची फियाट

निमगाव केतकीत दोन सीटची स्पोर्ट्स कार शोधायला जाऊ नये. पानमळ्यांच्या या गावात हौसेची जुनी गाडी म्हणजे फियाट, फार तर जीप. फियाट तशी परकीही नाही. ती बनवणारी कुर्ल्याची प्रीमियर ऑटोमोबाइल्स 1944 साली वालचंद हिराचंदांनी काढली, आणि त्यांच्या नावाचे वालचंदनगर याच इंदापूर तालुक्यात आहे. साखर आणि मोटार एकाच घरची. आता मात्र ऊसच मोटारीच्या मुळावर आला आहे.

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आज 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. आपल्या भागात ते उसाच्या रसापासून आणि मळीपासून होते. पद्मिनीचे, म्हणजे याच कुर्ल्याच्या फियाटचे, रबर साध्या पेट्रोलसाठी घडवलेले. इथेनॉलने ते फुगते, मऊ पडते, नाहीतर चिरते. आमच्या 1978 च्या गाडीने हे आधी डिपस्टिकवर दाखवले. ऑइल कमी व्हायचे सोडून वाढले होते! मी खूश, मिस्त्रींनी मात्र डिपस्टिक नाकाशी धरली. गाडीतल्या पेट्रोलपंपाचा डायफ्राम फाटून पेट्रोल चेंबरमध्ये उतरत होते. असे ऑइल पातळ होऊन बेअरिंग खाते, म्हणून गाडी तिथेच बंद करावी. डायफ्राम, पेट्रोलचे सगळे पाइप आणि कार्बोरेटरमधली रबरे इथेनॉल चालणारीच घ्यावीत. जुना स्टॉक स्वस्त मिळतो, तो घेऊ नये.

दुसरे दुखणे मिश्रणाचे. एक किलो पेट्रोल जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला 9 किलोच. कार्बोरेटरला हे कळत नाही, तो जुन्याच हिशेबाने पेट्रोल सोडतो. मिश्रण पातळ होते, चढाला पिकअप पडतो, इंजिन तापते. उपाय छोटा : मेन जेट एक पायरी मोठे. जेटचा नंबर म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. 120 चे जेट 1.20 मिलिमीटरचे. त्याऐवजी 125 बसवले तर व्यास चारच टक्के वाढतो, पण भोकाचे क्षेत्रफळ साडेआठ टक्के. नेमके तेवढेच हवे असते. आपल्या गाडीत कुठले आहे ते आधी काढून वाचावे आणि नंतर प्लग पाहावा : पांढरा म्हणजे अजून कोरडे, काजळी म्हणजे जास्त झाले, विटकरी-तपकिरी म्हणजे जमले.

इथेनॉल पाणीही ओढते. पावसाळ्यात गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका, वरपर्यंत भरा. आत हवा जितकी कमी तितकी ओल कमी, गंजही कमी.

प्लॅटिनम पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायला माझी हरकत नाही. तासाभराचे काम, डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाखाली दिसतही नाही. इंजिन बदलणे मात्र मला पटत नाही. 2021 च्या नियमाने, नोंदणीला 50 वर्षे झालेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ रूपात हवी. चॅसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. आमची 2028 ला पात्र होईल. तोवर जुने जेट आणि पॉइंट एका पत्र्याच्या डबीत, डिकीत, चिठ्ठी लावून ठेवले आहेत.

पुढच्या भागात : चारही चाकांचे ड्रम ब्रेक.