आरटीएक्स ४०६० आणि आरएक्स ७६००

दोन्ही ग्राफिक्स कार्डं २०२३ची, मुख्यतः १०८०पी गेमिंगसाठी. एएमडीचं रेडिऑन आरएक्स ७६०० मे महिन्यात आलं. अमेरिकेतली मूळ किंमत २६९ डॉलर. एनव्हिडियाचं जीफोर्स आरटीएक्स ४०६० जूनअखेरीस, २९९ डॉलरला.

• मेमरी: दोन्हींत ८ जीबी जीडीडीआर६, १२८ बिटची बस.
• वीज: ४०६०ला ११५ वॉट, ७६००ला १६५.
• कोअर: ४०६०ला ३,०७२, ७६००ला २,०४८. रचनाच वेगळी, त्यामुळे या आकड्यांवरून वेग ठरत नाही.
• रे ट्रेसिंग: प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून सावल्या नि प्रतिबिंबं काढणं. यात ४०६० पुढे.
• अपस्केलिंग: कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून फ्रेम वाढवणं. एनव्हिडियाच्या डीएलएसएसला आरटीएक्स कार्डच लागतं. एएमडीचं एफएसआर ३ इतर कंपन्यांच्या कार्डांवरही चालतं.

दोन्ही कार्डं पीसीआयई ४.०च्या आठच लेन वापरतात. जुन्या पीसीआयई ३.० मदरबोर्डवर या लेनची बँडविड्थ निम्मी होते.