ईश्वरासमोरील प्रामाणिकपणा : पाचगणीच्या साधनेचे एक विवेचन

ख्रिस्ती नीतिविचारात प्रामाणिकपणा आणि नम्रता या दोन गुणांचा उच्चार बहुधा जोडीने होतो. परंतु या दोहोंमध्ये एक अंतर्गत ताण आहे याकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते. स्वतःचे दोष जो मोकळेपणाने सांगतो तो प्रामाणिक ठरतो. पण दोष सांगण्याच्या या धैर्याचाच त्याला अभिमान वाटू लागला की नम्रता नाहीशी होते. उलटपक्षी, नम्रतेच्या आवरणाखाली सत्य लपविणारे लोकही समाजात कमी नाहीत. मग ईश्वरासमोर प्रामाणिक राहणे आणि नम्रही राहणे हे एकाच वेळी कसे साधावे? हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. सातारा जिल्ह्यातील पाचगणी येथे गेल्या अर्धशतकाहून अधिक काळ या प्रश्नाच्या अनुरोधाने एक साधना चालू आहे. तिचे मूळ, तिची पद्धती व तिच्या मर्यादा यांचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम शब्दांचा विचार करणे सोयीचे होईल. मराठीतील ‘प्रामाणिक’ हा शब्द ‘प्रमाण’ यापासून आला आहे. प्रमाण म्हणजे माप, मोजण्याचे साधन. तेव्हा प्रामाणिक मनुष्य म्हणजे केवळ खोटे न बोलणारा नव्हे, तर योग्य मापाला उतरणारा. ‘नम्र’ या शब्दाच्या मुळाशी वाकणे आहे. नम्रतेसाठी असलेल्या लॅटिन शब्दाचे नाते मातीशी, जमिनीशी लावले जाते. म्हणजे एका शब्दात मापाची आणि दुसऱ्यात मापापुढे वाकण्याची कल्पना आहे. या दृष्टीने पाहिले असता दोन गुणांचा संबंध स्पष्ट होऊ लागतो : मनुष्य कोणत्या प्रमाणाने स्वतःला मोजतो, यावर त्याची नम्रता अवलंबून असते.

लूककृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातील परूशी व जकातदार यांचा दृष्टांत याचे उत्तम उदाहरण होय. दोघे मंदिरात प्रार्थनेसाठी जातात. परूशी आपल्या उपवासांचा व दशमांशाच्या दानाचा उल्लेख करतो आणि आपण त्या जकातदारासारखे नाही याबद्दल देवाचे आभार मानतो. जकातदार दूर उभा राहतो, वर पाहण्यासही धजत नाही आणि केवळ दयेची याचना करतो. निर्दोष ठरून घरी जातो तो जकातदार. या दृष्टांताचे सामान्य विवरण परूश्याला दांभिक ठरवून थांबते. परंतु कथेत परूशी एकही असत्य विधान करीत नाही, ही गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. तो खरोखरच उपवास करीत असेल, दानही देत असेल. त्याची चूक तपशिलात नसून प्रमाणात आहे. तो देवासमोर उभा असूनही स्वतःला शेजारच्या मनुष्याशी ताडून पाहतो. जकातदाराला मात्र शेजारी कोणी दिसतच नाही. त्याच्यापुढे एकच प्रमाण आहे. ‘ईश्वरासमोर’ या पदाचा अर्थ यातून उलगडतो. ईश्वरासमोर राहणे म्हणजे तुलनेचा आधार सोडून देणे.

याच शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायात जक्कयाची कथा येते. हाही जकातदारच, किंबहुना त्यांचा प्रमुख. येशू त्याच्या घरी उतरतो तेव्हा जक्कय आपली अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि ज्यांना फसविले असेल त्यांना चौपट परत करण्याचे जाहीर करतो. पहिल्या कथेतील कबुली अंतःकरणात होते. दुसऱ्या कथेत ती व्यवहारात उतरते. मत्तयकृत शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनातही हाच क्रम आहे : वेदीपाशी अर्पण आणले असता आपल्याविरुद्ध भावाच्या मनात काही आहे असे आठवल्यास अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा. म्हणजे ख्रिस्ती दृष्टीने ईश्वरासमोरील प्रामाणिकपणा मनुष्यापर्यंत पोचला नाही तर तो अपुरा राहतो.

पाचगणीतील साधनेचे मूळ याच विचारात आहे. फ्रँक बुकमन (१८७८–१९६१) हे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातले ल्यूथरन धर्मोपदेशक. फिलाडेल्फिया येथे ते मुलांचे एक वसतिगृह चालवीत असत. व्यवस्थापक मंडळातील सहा सदस्यांशी खर्चाच्या प्रश्नावरून त्यांचे बिनसले. त्यांनी राजीनामा दिला आणि मनात तीव्र कटुता घेऊन ते युरोपात गेले. १९०८ मध्ये इंग्लंडमधील केझिक येथे एका लहान प्रार्थनामंदिरात ख्रिस्ताच्या क्रूसावरील प्रवचन ऐकत असता, त्या सहा जणांनी अन्याय केला असला तरी आपल्या मनातील द्वेष हे सातवे पाप आपले स्वतःचे आहे, ही जाणीव त्यांना झाली. त्यांनी सहाही जणांना क्षमायाचनेची पत्रे लिहिली. एकाचेही उत्तर आले नाही. बुकमन यांच्या पुढील कार्याचा उगम या प्रसंगात मानला जातो. येथे एक गोष्ट सूक्ष्म आहे. पत्रे लिहिताना बुकमन यांनी समोरच्यांच्या अपराधाचा हिशेब मांडला नाही. केवळ आपल्या वाट्याचा मांडला. उत्तर न आल्याने त्या कृतीचे मोल कमी झाले नाही, कारण ती उत्तरासाठी केलेलीच नव्हती.

पुढे बुकमन यांनी चार निरपेक्ष कसोट्या स्वीकारल्या : प्रामाणिकपणा, शुद्धता, निःस्वार्थता आणि प्रेम. या कसोट्या मुळात त्यांच्या नव्हेत. अमेरिकन मिशनकार्याचे पुढारी रॉबर्ट स्पीअर यांनी १९०२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात येशूच्या शिकवणुकीचे सार म्हणून त्या मांडल्या होत्या. बुकमन यांच्या अनुयायांचा समूह प्रथम ‘ऑक्सफर्ड ग्रूप’ या नावाने ओळखला गेला. १९३८ मध्ये लंडन येथे ‘मॉरल री-आर्मामेंट’ या चळवळीची घोषणा झाली, आणि १९४६ मध्ये स्वित्झर्लंडमधील को या गावी तिचे आंतरराष्ट्रीय केंद्र सुरू झाले.

भारताशी या चळवळीचा संबंध जुना आहे. १९१५ च्या भारतयात्रेत बुकमन यांची महात्मा गांधींशी भेट झाली होती. १९५२–५३ च्या हिवाळ्यात ते मोठ्या समूहासह पुन्हा भारतात आले. १९६३ मध्ये गांधीजींचे नातू राजमोहन गांधी यांनी कन्याकुमारीपासून दिल्लीपर्यंत एक यात्रा काढली, आणि त्यानंतर १९६७ मध्ये पाचगणी येथे ‘एशिया प्लॅटो’ या केंद्राची उभारणी झाली. कृष्णेच्या खोऱ्यावरील हे पठार ख्रिस्ती शिक्षणसंस्थांना नवे नव्हते; सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट (१८९५) व सेंट पीटर्स (१९०४) या शाळा तेथे पूर्वीपासून होत्या. गांधीजी स्वतः १९४४ मध्ये कारामुक्तीनंतर विश्रांतीसाठी पाचगणीस राहिले होते. २००१ मध्ये चळवळीने ‘इनिशिएटिव्ह्ज ऑफ चेंज’ हे नाव घेतले. पाचगणीच्या शिबिरांना सर्व धर्मांचे लोक येतात. तेथे कोणाला ख्रिस्ती होण्यास सांगितले जात नाही.

साधनेची पद्धती साधी आहे. दिवसाच्या आरंभी काही काळ मौन पाळावयाचे. मनात येणारे विचार वहीत लिहून काढावयाचे. ते चार कसोट्यांवर पारखावयाचे. आणि ज्यात दुसऱ्याचे देणे निघत असेल ते फेडावयाचे. हे देणे पैशाचे असेल, क्षमेचे असेल किंवा सत्याचे असेल. चुकविलेला कर भरणे, भावाला पत्र लिहिणे, हाताखालच्या मनुष्याची माफी मागणे ही या पद्धतीला अभिप्रेत असलेली फलिते होत. भारतीय साधकाला यातील ‘आतला आवाज’ परका वाटत नाही. लहानपणी केलेल्या चोरीची कबुली गांधीजींनी चिठ्ठीत लिहून वडिलांच्या हाती दिली होती, हा प्रसंग त्यांच्या आत्मकथेमुळे सर्वपरिचित आहे. कागद, कबुली आणि शिक्षेची तयारी हे तिन्ही घटक तेथे आहेत.

परंतु या साधनेत धोकेही आहेत, आणि त्यांची चिकित्सा केल्यावाचून विवेचन पुरे होणार नाही. पहिला धोका प्रदर्शनाचा. कबुली समुदायापुढे होऊ लागली की श्रोते मिळतात, आणि श्रोते मिळाले की कथा रंगते. दान, प्रार्थना व उपवास गुप्तपणे करावेत, असे डोंगरावरील प्रवचन सांगते. हा नियम पश्चात्तापालाही लागू करणे युक्त ठरेल. दुसरा धोका कसोट्यांच्या वापराचा. निरपेक्ष कसोटीला कोणीही पूर्णपणे उतरत नाही. म्हणून ती स्वतःला लावली असता नम्रता उपजते. तीच दुसऱ्याला लावली की तिचा परूशी होतो. माप तेच, दिशा बदलली की फळ बदलते.

तिसरा धोका अधिक गंभीर आहे. १९३६ मध्ये न्यूयॉर्क येथे एका वृत्तपत्राला दिलेल्या मुलाखतीत बुकमन यांनी साम्यवादाला अडविणारा म्हणून हिटलरविषयी कृतज्ञता व्यक्त केली आणि हुकूमशहा ईश्वराधीन झाल्यास काय घडेल याची कल्पना मांडली. धर्मचिंतक रेनहोल्ड नीबुर यांनी त्याच वर्षी यावर कठोर टीका केली. सत्ताधारी व्यक्तीचे हृदय पालटले की अन्याय आपोआप संपेल, ही समजूत त्यांना भाबडी व म्हणूनच घातक वाटली. नीबुर यांचा आक्षेप आजही विचारार्ह आहे. वैयक्तिक प्रामाणिकपणा सत्तेच्या रचनेविषयी मूक राहिला तर तो अर्धाच ठरतो.

याच मुळापासून निघालेली दुसरी एक शाखा येथे तुलनेसाठी उपयोगी पडते. १९३५ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन येथे सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ या संघटनेचे दोन्ही संस्थापक ऑक्सफर्ड ग्रूपच्या संपर्कात होते. त्यांनी आत्मपरीक्षण, दुसऱ्या एका मनुष्यापुढे कबुली आणि नुकसानभरपाई या पायऱ्या घेतल्या, परंतु निरपेक्षतेचा आग्रह सोडला. भरपाईमुळे कोणाला इजा होणार असेल तर ती करू नये, अशी मर्यादा घातली. आणि सदस्याचे नाव गुप्त ठेवण्याचा दंडक स्वीकारला. नाव झाकणे ही नम्रतेची संस्थात्मक तरतूद होय. तिने प्रदर्शनाच्या धोक्याला मुळातच आळा घातला.

मराठी ख्रिस्ती परंपरेने हा प्रश्न आपल्या रीतीने हाताळला आहे. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. परंतु पुढे आपल्या साक्षलेखात त्यांनी, प्रथम आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे, अशा आशयाची कबुली दिली. विद्वत्तेने जगन्मान्य झालेल्या स्त्रीने आपला धर्मस्वीकार अपुरा होता असे लिहिणे, यास असामान्य प्रामाणिकपणा लागतो. केडगावच्या मुक्ती सदनात १९०५ मध्ये जी धर्मजागृती झाली, तीतही पापकबुली व प्रार्थना यांना मध्यवर्ती स्थान होते.

नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ चा. तुकोबांच्या मार्गाने आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असे ते सांगत. तुकोबांच्या अभंगांतील कठोर आत्मपरीक्षण ज्याच्या कानांत आहे, त्याला जकातदाराची प्रार्थना समजावून सांगावी लागत नाही. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना स्थान होते. वेतन आणि पद यांचा आधार सोडून भक्तांच्या मेळ्यात उभे राहणे, ही त्यांची नम्रतेची व्याख्या म्हणता येईल. १९१९ मध्ये त्यांच्या निधनानंतर दरबार फार काळ टिकला नाही. परंतु त्याच जिल्ह्यात अर्धशतकाने सर्वधर्मीयांसाठी उभ्या राहिलेल्या पाचगणीच्या केंद्राशी त्याचे साम्य लक्षणीय आहे, जरी दोहोंत ऐतिहासिक संबंध दाखविता येत नसला तरी. भेदही तितकाच महत्त्वाचा : दरबाराच्या केंद्रस्थानी ख्रिस्तभक्ती होती, पाचगणीत केंद्रस्थानी सद्सद्विवेकाची हाक आहे.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ (१९३४–३७) या संदर्भात वेगळेच उत्तर देतात. पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षे त्या दूर राहिल्या. सोवळेओवळे त्यांनी निष्ठेने पाळले. आणि मग मनुष्यामनुष्यांतील जातिभेद ईश्वराने निर्माण केला नाही, हे विचारांती पटल्यावर तो टाकला. हे सारे त्यांनी स्वतःला हसत हसत सांगितले आहे. त्यांच्या कबुलीत ना आत्मनिंदेचा अतिरेक आहे, ना परिवर्तनाची आढ्यता. स्वतःवर हसू शकणारा मनुष्य स्वतःला केंद्रस्थानी मानीत नाही. म्हणून विनोद ही नम्रतेची एक खरी खूण मानावयास हरकत नाही. शिवाय त्यांचा प्रामाणिकपणा मनातच राहिला नाही. तो पाण्याच्या भांड्यापर्यंत, पंगतीपर्यंत आला. जातीचा अभिमान जेथे धर्म बदलूनही सुटत नाही, तेथे चार भिंतींआडच्या मौनापेक्षा ही कसोटी अधिक कठीण आहे.

या सर्व विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, ईश्वरासमोरील प्रामाणिकपणा म्हणजे तुलनेवाचूनचा प्रामाणिकपणा. दुसऱ्याच्या दोषाचा आधार घेताच तो संपतो. दुसरा, त्याची परीक्षा कबुलीच्या आवेशाने होत नसून फेडलेल्या देण्याने होते. जक्कयाचे चौपट, बुकमन यांची सहा पत्रे आणि लक्ष्मीबाईंचे मोडलेले सोवळे ही एकाच जातीची उदाहरणे होत. तिसरा, व्यक्तीचे परिवर्तन आवश्यक असले तरी ते समाजरचनेच्या प्रश्नाची जागा घेऊ शकत नाही.

पाचगणीच्या पठारावर पहाटेच्या मौनात वही उघडून बसणाऱ्याला हे तिन्ही निष्कर्ष ठाऊक असतीलच असे नाही. परंतु त्या वहीत जर केवळ त्याच्या स्वतःच्याच देण्याची नोंद असेल, आणि घाट उतरून गेल्यावर ते देणे खरोखर फेडले जात असेल, तर मंदिरात दूर उभ्या राहिलेल्या त्या जकातदाराचा वारसा त्याच्यापर्यंत पोचला, असे म्हणावे लागेल.